बाई, तुम्ही ते पान शेवटपर्यंत वाचलंत

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

आरएमओचा, म्हणजे गणित ऑलिम्पियाडच्या प्रादेशिक फेरीचा, पेपर देऊन आले तेव्हा पहिल्यांदा तुम्हालाच फोन करायचा होता. पण तुमच्याशी बोलायला लागले की मला रडू येतं, म्हणून लिहिते. आणि सगळ्यांना वाचता येईल असंच लिहिते. आपल्या मराठवाड्यात गणिताचं वेड असलेली पोरं गावोगावी आहेत. अंबाजोगाईत तुमच्यासारखं माणूस राहतं, हे त्यांना कळू दे.

तुमच्याकडे येण्याआधी मी जिथं गेले तिथं एकच विचारलं गेलं, याचे मार्क कुठं धरतात? शाळेत ऑलिम्पियाडचं नाव काढलं, तर "ते मुंबई-पुण्याच्या पोरांचं काम" म्हणून विषय संपला. क्लासमध्ये ऐकलं, "नीटला येतं का हे? सीईटीला येतं का? मग कशाला वेळ घालवतीस?" लातूर पॅटर्नचा मलाही अभिमान आहे. पत्र्याच्या खोलीत राहून डॉक्टर झालेली मुलं मी जवळून पाहिली आहेत. पण एखाद्या पोरीनं एकाच गणितापाशी चार-चार दिवस बसावं, याला त्या वेळापत्रकात जागा नाही. तिथल्या सरांनी माझी वही उघडली, पानावर तिरपी लाल रेघ ओढली आणि वही परत सरकवली. एक ओळही वाचली नाही. तो राग अजून गेलेला नाही, आणि तो का लपवावा?

तेच पान मी तुमच्याकडे आणलं होतं. १ ते १०० मधल्या कोणत्याही ५१ संख्या उचला, त्यांत अशी एक तरी जोडी निघतेच की एकीनं दुसरीला नि:शेष भाग जातो. हे सिद्ध करायचं होतं. मी लिहिलं होतं की ५१ ते १०० या ५० संख्या घेतल्या तर अशी जोडी मिळत नाही, कारण त्यांतल्या कुणाचीही दुप्पट १०० च्या पुढं जाते. पण एकावन्नावी संख्या आली की जोडी का निघालीच पाहिजे, ते सुचत नव्हतं. तिथं मी थांबले होते.

तुम्ही चष्मा लावलात आणि वाचायला लागलात. त्या लाल रेघेखालची एकेक ओळ वाचत, प्रत्येक ओळीपुढं पेन्सिलीनं बारीक टिक करत गेलात. शेवटच्या ओळीखाली लिहिलंत, "इथपर्यंत बरोबर. पुढं?" आणि वही माझ्या हातात दिलीत. उत्तर सांगितलं नाही, हिंटही दिली नाही.

बाई, तुमच्या लेखी हे काहीच नसेल. पण तोवर माझ्या गणितात सगळ्यांनी फक्त खालचं उत्तर पाहिलं होतं. मी काय विचार केला, कुठून निघाले, कुठं अडले, हे कुणी ओळ न ओळ वाचलं नव्हतं. घरी जाताना मी रस्त्यात थांबून ते पान पुन्हा उघडून पाहिलं.

पुढचं मग मला सापडलं. प्रत्येक संख्येला २ नं जाईल तेवढा भाग देत जायचा, शेवटी विषम संख्या उरते. ४८ चे ३ उरतात, ८० चे ५. आणि १०० पर्यंत विषम संख्या ५०च! मग ५१ संख्यांत कुणातरी दोघींच्या पोटात एकच विषम संख्या असणार, आणि त्या दोघींतल्या लहानीनं मोठीला भाग जाणारच. मी धावत आले, तुम्ही तेही तसंच टिक करत वाचलंत आणि म्हणालात, "हां. आता १ ते २०० असतील तर किती उचलायच्या, माय?"

तुम्हीच मला ६१७४ दाखवलीत. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं मांडून वजाबाकी करत राहा, जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येते. आणि ती शोधली कुणी, तर देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या कापरेकरांनी, १९४९ मध्ये. "मास्तरच होते," असं तुम्ही किती अभिमानानं म्हणालात!

आयओक्यूएम या ऑलिम्पियाडच्या पहिल्या परीक्षेत ३० प्रश्न असतात आणि फक्त उत्तराचे गोळे रंगवायचे असतात. आरएमओत सहा प्रश्न, तीन तास, आणि तिथं तुमची वाट तपासतात. एक प्रश्न माझा अर्ध्यावर राहिला. मी घाबरले नाही. जेवढं पक्कं होतं तेवढं स्वच्छ लिहिलं आणि पुढचं सिद्ध झालेलं नाही, असंही लिहिलं. हे तुमच्या पेन्सिलीनं शिकवलं. पुढच्या राष्ट्रीय फेरीच्या, आयएनएमओच्या, यादीत नाव आलं नाही. वाईट वाटलं, अजून वाटतं.

बाबांनी तुरीची डाळ आणली होती, ती तुम्ही घेतलीत, फी मात्र कधी घेतली नाहीत. सोयाबीनला भाव नव्हता हे तुम्हाला ठाऊक होतं, पण तोंडातून कधी काढलं नाहीत. दुसऱ्याच्या लेकराला वेळ द्यायचा आणि ते उपकार आहेत असं त्याला जाणवूही द्यायचं नाही, अशी माणसं गावात असतात म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं.

चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची प्रवेशपरीक्षा द्यायची ठरवलीय. तिथंही सिद्धता लिहाव्या लागतात. आईला चेन्नई लांब वाटते, बाबा अजून नीटचंच म्हणतात. एकदा घरी येऊन त्यांच्याशी बोलाल का?

तुमची विद्यार्थिनी