लाडल्या बहिणींना बोल लावण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या पेपरात एका वाचकांचं पत्र होतं, की मध्य प्रदेश सरकार कर्जात बुडालं त्याला कारण एकच, लाडली बहना, बायकांना फुकट पैसे वाटणं बंद करा की सगळं आपोआप ठीक होईल. आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते पत्र दिवसभर फिरलं, खाली नुसते अंगठेच अंगठे. मी राज्य सरकारच्या ट्रेझरीतून रिटायर झालेली बाई, जन्मभर दुसऱ्यांची बिलं तपासली, तेव्हा इतकं सोपं उत्तर काही पचलं नाही म्हणून लिहितेय. पत्र लांबणार आहे, काटछाट करायची तर खुशाल करा पण आकडे तेवढे राहू द्या.

तर आकडे. २०२५-२६ चं बजेट अर्थमंत्री देवडाजींनी मार्चमध्ये मांडलं ते ४ लाख २१ हजार कोटींचं, आणि राज्याच्या डोक्यावरचं कर्जही ४ लाख कोटींच्या वर गेलंय, म्हणजे सरकार वर्षभरात जेवढं खर्च करणार साधारण तेवढंच देणं. लाडली बहनासाठी त्या बजेटमध्ये १८,६६९ कोटी ठेवले होते. भागाकार करून बघा, शंभरातले साडेचार रुपये येतात. मग नोव्हेंबर २०२५ पासून दर महिन्याची किस्त १२५० ची १५०० झाली, सव्वा कोटीच्या वर बायका, म्हणजे वर्षाला बावीस हजार कोटींच्या पुढे. रक्कम लहान आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण उरलेल्या पंचाण्णव रुपयांबद्दल त्या पत्रात एक ओळ नव्हती आणि आमच्या ग्रुपवर तर विचारायलाच नको.

या योजनेतली खरी अडचण मला दिसते ती अशी. १० जून २०२३ ला पहिली किस्त गेली १००० ची, ऑक्टोबरात झाली १२५०, आणि नोव्हेंबरात मतदान. तेव्हा समोरच्या पक्षानंही, म्हणजे काँग्रेसनं, नारी सन्मान म्हणून १५०० चे फॉर्म भरून घेतले होतेच, त्याच्या आधी २०१८ ला दोन लाखांपर्यंतची शेतकरी कर्जमाफी झाली, म्हणजे यात कोणी धुतल्या तांदळासारखा नाही. आता २०२८ पर्यंत ३००० करू असं सांगतायत. करा गुणाकार, पंचेचाळीस हजार कोटी वर्षाला. आणि २०२८ मध्येच उज्जैनचा सिंहस्थ, २०२८ मध्येच निवडणूक. एकदा पूल बांधला की खर्च संपतो, दर महिन्याची किस्त मात्र संपत नाही आणि कमी तर कोणाच्या बापाला करता येत नाही, वाढतेच. ट्रेझरीत आम्ही हेच बघायचो, जे बिल दर महिन्याला लागतं ते कोणी अडवत नाही, अडवतात ते एकदाचं असतं ते. शाळेची खोली, हँडपंपाची दुरुस्ती, ठेकेदाराचं बिल, त्यावर शेरा यायचा आवंटन नाही, म्हणजे पैसे मंजूर नाहीत. वित्त विभागाच्या परवानगीशिवाय अमक्या हेडमधून, म्हणजे खर्चाच्या खात्यातून, पैसा काढू नये असं पत्र आलं की समजून घ्यायचं खजान्यात चणचण आहे. पेपरात संकट दिसतं ते फार नंतर. हिमाचलमध्ये सप्टेंबर २०२४ ला पगार एक तारखेऐवजी पाच तारखेला झाले तेव्हा देशाला कळलं, पण तिथल्या ट्रेझरीवाल्यांना ते किती आधीपासून माहीत असेल!

पुण्याची माझी नणंद फोनवर म्हणते वहिनी, तुमचंच बघून आमच्याकडे लाडकी बहीण आली. खरंच आहे, जुलै २०२४ पासून १५००, आणि २०२५-२६ साठी ३६ हजार कोटींची तरतूद. महाराष्ट्र आपल्यापेक्षा किती श्रीमंत, तरी तिकडे ठेकेदार बिलं थकली म्हणून आंदोलनं करतायत. तेव्हा हा एकट्या भोपाळचा रोग नाही.

आता मिळकतीकडे. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला तेव्हा राज्यांना सांगितलं होतं की दरसाल चौदा टक्के वाढ धरून तूट भरून देऊ, पाच वर्षं. ती मुदत जून २०२२ ला संपली. कराचे दर ठरवणं आता जीएसटी कौन्सिलच्या हातात, राज्याच्या स्वतःच्या हातात उरलं काय तर पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, दारू, जमिनीची रजिस्ट्री, गाड्यांचा टॅक्स आणि रेती-खाणी. म्हणून इंदूरला पेट्रोल शंभरच्या वर. म्हणून दारूचे ठेके लिलावाला निघाले की अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर जीव येतो. एप्रिल २०२५ पासून उज्जैन, महेश्वर, ओंकारेश्वर अशा १९ धार्मिक गावांत दारूबंदी झाली, फार चांगलं केलं, नर्मदेच्या घाटावर बाटल्या बघवत नव्हत्या, पण त्या पैशाच्या जागी काय ते कोणी बोललं का? नाही.

दुसरीकडे दिल्ली. केंद्राच्या करातला ४१ टक्के वाटा राज्यांना, त्यात २०२५-२६ पर्यंत आपले ७.८५ टक्के होते, यूपी-बिहारनंतर आपणच, महाराष्ट्राला याहून कमी, तेव्हा आपल्यावर अन्याय अन्याय म्हणून फार ओरडण्यात अर्थ नाही. पण करावर जो सेस आणि सरचार्ज, म्हणजे वरचा जादा कर, केंद्र लावतं तो या वाट्यात धरतच नाहीत, त्यातला रुपयाही राज्याला सोडावा लागत नाही. पंपावर पेट्रोल भरताना आपण जो केंद्राचा टॅक्स देतो तो बहुतेक याच प्रकारातला. हे मात्र ओरडून सांगण्यासारखं आहे आणि तेच भोपाळमध्ये कोणी सांगत नाही, कारण समजायला हरकत नाही.

आणि मग आम्ही. हो, पेन्शनर. पगार, पेन्शन आणि व्याज हे तीन गेले की मंत्री असो की मुख्यमंत्री, हातात उरतं ते थोडंच. जानेवारी २००५ नंतर लागलेल्यांना आमच्यासारखी पेन्शन नाही, ती मुलं रिटायर होतील तेव्हा हा भार हळूहळू उतरेल, पण त्याला अजून बरीच वर्षं. म्हणून जुनी पेन्शन परत आणा या मागणीवर माझी सही नाही, घरातल्यांचा राग ओढवून सांगते. आमच्या महागाई राहतीची, म्हणजे महागाईप्रमाणे पेन्शनमध्ये मिळणाऱ्या वाढीची, गंमत तर वेगळीच. नोव्हेंबर २००० मध्ये छत्तीसगड वेगळं झालं, त्या कायद्याचं कलम ४९, त्यामुळे राज्य फुटायच्या आधीच्या पेन्शनरांचा बोजा दोन राज्यांत वाटायचा, आणि तेच कलम दाखवून भोपाळ रायपूरच्या होकाराची वाट बघतं. पंचवीस वर्षं झाली, म्हातारे गेले, कलम आहे तिथंच! पैसे वाचवायचा हा पण एक मार्ग म्हणायचा.

आता जे लिहिणार आहे ते आमच्या ग्रुपवर आवडणार नाही. दीडशे युनिटच्या आत वीज जाळली तर पहिले शंभर युनिट शंभर रुपयांत, अटल गृह ज्योती. योजना गरिबांसाठी. पण इंदूरच्या चांगल्या चांगल्या कॉलन्यांत दोन मजली बंगल्यावर तीन तीन मीटर दिसतील, खालचं आईच्या नावानं, वरचं भावाच्या, तिसरं भाडेकरूचं, प्रत्येकाचं बिल दीडशेच्या आत. घरातली माणसं हीच की १५०० रुपयांत बायका आळशी झाल्या म्हणून मेसेज पाठवतात! लाडली बहनात निदान अट तरी आहे, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत पाहिजे, चारचाकी नको, इन्कम टॅक्स भरणारा कोणी नको. विजेच्या सवलतीत विचारतंय कोण तुम्हाला कार आहे का? ही घरगुती आणि शेतीपंपाची सवलत मिळून बजेटमध्ये वीस हजार कोटींच्या वर जाते, म्हणजे लाडली बहनाच्या तोडीस तोड, आणि त्यावर एक पत्र छापून आल्याचं मला आठवत नाही. घर-जमिनीची रजिस्ट्री गाइडलाइनच्या, म्हणजे सरकारी, भावानं आणि वरचे रोख. फर्निचर घेताना बिल पाहिजे का विचारतात, पाहिजे म्हटलं तर जीएसटी वेगळा लागेल, मग नको, राहू द्या. खजाना रिकामा करायला हातभार सगळ्यांचाच लागलाय, दिसतात मात्र फक्त आधार कार्ड घेऊन लाइनीत उभ्या असलेल्या बायका.

कर्ज घेणंच वाईट असं माझं म्हणणं नाही. इंदूरचा आणि कर्जाचा संबंध जुना, फक्त तेव्हा आपण देणारे होतो. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० च्या सुमारास खंडव्याहून इंदूरला रेल्वे यावी म्हणून इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिले, साडेचार टक्के व्याज, मुदत १०१ वर्षं. तो पैसा रुळात गेला, त्या रुळांवर कापूस गेला, गिरण्या आल्या, शहर उभं राहिलं. किंवा कालपरवाचं घ्या, आपल्या नगर निगमनं फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बॉन्ड, म्हणजे कर्जरोखे, काढले, जलूदला ६० मेगावॅटचा सोलर प्लांट बसवायला, कारण नर्मदेचं पाणी तिथून वर चढवायला विजेचं बिल भरता भरता नाकी नऊ येतात. मागितले त्याच्या कितीतरी पट पैसे लोक द्यायला तयार झाले. हे कर्ज बिल कमी करतं म्हणून ते फिटणार. उलट बीआरटीएस, बससाठीचा वेगळा रस्ता, बघा, साडेअकरा किलोमीटर, २०१३ ला बस सुरू झाली, २०२५ ला उखडायचा हुकूम. बांधायला पैसे, तोडायलाही पैसे.

राज्याचं कर्ज बहुतेक मंगळवारी निघतं, रिझर्व्ह बँकेच्या लिलावात, घेतात कोण तर बँका, एलआयसी, पीएफवाले, म्हणजे फिरून आपलाच पैसा. मुदत दहा वर्षं, कधी वीसच्या वर. आज काढलेलं २०४५ ला फिटणार, नातवंडं नोकरीला लागतील तेव्हा त्यांच्या टॅक्समधून. सरकार सांगतं कर्ज सगळं विकासकामांनाच जातं, २०२५-२६ च्या बजेटमध्ये महसुली शिल्लक, म्हणजे रोजचा खर्च भागून उरलेली मिळकत, दाखवली होती, आणि कागदावर ते चूक नाही. पण ती शिल्लक अगदीच पातळ, किस्त वाढवली की गेली. वित्तीय तुटीचा, म्हणजे वर्षात कर्ज काढून भरायच्या रकमेचा, अंदाज राज्याच्या एकूण उत्पादनाच्या ४.७ टक्के होता, त्यातलं केंद्रानं दिलेलं पन्नास वर्षांचं बिनव्याजी कर्ज मर्यादेत धरत नाहीत हे मला माहीत आहे, तरी तीन टक्क्यांच्या नियमापासून आपण किती लांब आलो ते दिसतंच.

मग करायचं काय. लाडली बहना बंद करा असं मी म्हणणार नाही, आमच्याकडे भांडी घासायला येते तिच्या मुलीच्या शाळेच्या बसचे पैसे त्यातून जातात, ते मी बघते. पण रक्कम स्टेजवरून वाढायला नको. विधानसभेत खर्चाचं विधेयक आणायचं तर सोबत वित्तीय ज्ञापन जोडावं लागतं, किती लागणार ते लिहून. सभेतल्या घोषणेला असलं काही लागत नाही. तोच नियम घोषणेलाही लावा, कुठल्याही पक्षाच्या, दर महिन्याचा खर्च पुढच्या पाच वर्षांत किती आणि कुठल्या हेडमधून कमी करणार, एक पान, हिंदीत, सगळ्यांना वाचता येईल असं. वाढ करायची ती बजेटमध्येच करा, वर्षातून एकदा. विजेची सवलत मीटरवर नको, घरावर द्या, समग्र आयडी, राज्यानं दिलेला कुटुंबाचा नंबर, सगळ्यांची आहेच, एका घराला एकच. शेतीपंपाला हात लावायची हिंमत कोणात नाही हे समजतं, तरी जो दहा-दहा एकर ओलीत करून वर आडतीचं दुकान चालवतो त्याला आणि दोन एकरवाल्याला एकच भाव कसा?

आणि पडून असलेली जमीन. इंदूरची हुकुमचंद मिल, कापडगिरणी, डिसेंबर १९९१ ला बंद पडली, कामगारांचे २२४ कोटी डिसेंबर २०२३ ला मिळाले, मधली बत्तीस वर्षं शहराच्या मधोमध बेचाळीस एकर नुसती धूळ खात होती, कितीतरी कामगार वाट बघत वारले. शेवटी हाउसिंग बोर्डानं पैसे भरले आणि जमीन मोकळी झाली, म्हणजे मार्ग होता, फक्त काढायचा होता. अशा सरकारी, अर्धसरकारी जमिनी प्रत्येक जिल्ह्यात आहेत. विकून किस्त वाटायची असेल तर मात्र नकोच, त्या पैशातून जुनं महाग कर्ज फेडा.

२०२८ ला मतं मागायला येतील तेव्हा ३००० की ४००० हे विचारू नका, कुठून ते विचारा, आणि त्याआधी आपल्या घरावर मीटर किती ते मोजून या. नवीन बजेट आलं की मी कर्जाचं पान काढून बघणारच आहे, जागा दिलीत तर परत लिहीन.

आपली,
एक पेन्शनर वाचक
सुदामा नगर, इंदूर