गडकरी साहेब, एअरबॅग फक्त कारवाल्यांनाच का? दुचाकीवाल्यांच्या एअरबॅग व्हेस्टसाठी खुलं पत्र

माननीय नितीनजी गडकरी साहेब,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री

सप्रेम नमस्कार.

साहेब, थेट मुद्द्यावर येतो. अंगात घालायची एअरबॅग असते, जॅकेट किंवा बिनबाह्यांचं व्हेस्ट, माणूस गाडीवरून उडाला की ते क्षणात फुगतं आणि मान, पाठीचा कणा, छाती, बरगड्या यांना आधार देतं. हे आपल्याकडे विकत मिळतं, ऑनलाइन तर ढिगाने दिसतं. पण हेल्मेटला जसा आयएसआय मार्क कायद्याने लागतो तसं याला काहीच लागत नाही, आणि चांगलं परदेशी व्हेस्ट घ्यायचं म्हटलं तर एखादी जुनी स्कूटर येईल एवढे पैसे जातात. या दोन गोष्टी तुमच्या खात्याने मनावर घ्याव्यात म्हणून हे पत्र.

तुमच्याच मंत्रालयाचा 2022 चा अहवाल सांगतो की त्या वर्षी रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली आणि त्यातले जवळपास 44.5 टक्के दुचाकीवरचे होते, म्हणजे चौऱ्याहत्तर हजारांच्या वर. कारसाठी तुम्ही खूप केलंत, ते मान्यच आहे. ड्रायव्हरची एअरबॅग जुलै 2019 पासून सक्तीची झाली, मग शेजारच्या सीटची झाली, 2023 मध्ये भारत एनकॅप आलं, म्हणजे गाडी आपटवून सुरक्षेचे स्टार देणारी चाचणी, आता लोक शोरूममध्ये जाऊन स्टार किती आहेत ते विचारतात. हा बदल डोळ्यांसमोर झालाय. पण सगळ्यात जास्त मरतोय तो दुचाकीवाला, आणि त्याच्या वाट्याला हेल्मेट आणि करकचून ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारं एबीएस, याच्या पुढे फारसं काही आलेलं नाही. एबीएससुद्धा 125 सीसीच्या वरच्या गाड्यांनाच आलं, बारक्या गाड्यांसाठी मसुदा काढायला 2025 उजाडलं. हेल्मेट डोकं वाचवतं, ते पहिलं, त्यात वादच नाही, पण हँडलवर किंवा डिव्हायडरवर छाती आपटली तर हेल्मेट काय करणार?

व्हेस्ट चालतं कसं ते थोडक्यात सांगतो, कारण बऱ्याच लोकांना वाटतं की हे काहीतरी रॉकेट सायन्स आहे. साध्या प्रकारात व्हेस्टला एक दोरी असते, तिचं दुसरं टोक सीटखालच्या पट्ट्याला अडकवायचं. माणूस गाडीपासून फेकला गेला की दोरी ताणली जाते, एक पिन निघते, छोट्या सिलिंडरचं तोंड फुटतं आणि आतला कार्बन डायऑक्साइड पिशवीत भरतो, साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात. बॅटरी नाही, चार्जिंग नाही, अ‍ॅप नाही. आमच्या ग्रुपमधल्या एकाने पार्किंगमध्ये मुद्दाम ओढून दाखवलं होतं. फट्ट करून आवाज झाला, कॉलर एकदम मानेला येऊन घट्ट बसली, त्याला मान वळवता येईना, आणि रिकामं सिलिंडर हातात घेतलं तर बर्फासारखं गार, त्यावर पांढरं दव धरलेलं. नवीन सिलिंडर बसवून, पिशवी घडी करून व्हेस्ट परत तयार. नुसतं दोरी सोडायला विसरून गाडीवरून उतरलं तर ओढा बसतो आणि लक्षात येतं, ते फुटायला चांगलाच जोराचा हिसका लागतो.

दुसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक, त्यात सेन्सर असतात आणि माणूस पडतोय हे कॉम्प्युटर ठरवतो. 2023 मध्ये दिल्लीजवळच्या आपल्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी ही बाइकची जागतिक शर्यत झाली तेव्हा ट्रॅकवरच्या प्रत्येक रायडरच्या सूटमध्ये हीच एअरबॅग होती, कारण तिथे ती 2018 पासून सक्तीची आहे. डकार रॅली या वाळवंटातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत बाइकवाल्यांना 2021 पासून लागते. जे लोक जगात सगळ्यात चांगली गाडी चालवतात, ज्यांच्यासाठी ट्रॅकच्या कडेला बारीक खडी टाकलेली असते आणि डॉक्टर उभा असतो, त्यांना एअरबॅगशिवाय सोडत नाहीत, आणि पुण्यातल्या कात्रज-कोंढवा रस्त्यावर डंपरच्या बाजूने रात्री अकराला पार्सल घेऊन जाणारा पोरगा टी-शर्टवर असतो.

आता मानकाचं, म्हणजे आयएसआयसारख्या ठरवून दिलेल्या कसोटीचं. मानक नसल्यामुळे काय होतं, तर ग्राहकाला काही कळतच नाही. फोटोत दोन व्हेस्ट सारखीच दिसतात. एकाची कॉलर नीट भरते आणि दुसऱ्याची शिवणच उसवते, पण हे पडल्यावर कळून काय उपयोग? किती वेळात फुगायला हवं, किती वेळ फुगलेलं राहायला हवं, पाठीवर किती मार आत पोचला तर चालेल, आपल्या मे महिन्याच्या उन्हात डिकीत पडलेलं सिलिंडर टिकतं का, पावसात दोरीचं कुलूप गंजतं का, हे कुणीतरी तपासून शिक्का मारायला हवा. युरोपात ईएन 1621-4 हे मानक 2013 मध्ये आलं, पण ते दोरीवाल्या प्रकारासाठी लिहिलेलं. आपल्याला तेच उचलून चालणार नाही, आपलं ऊन, आपला पाऊस आणि स्कूटरवर मागे बसलेली दुसरी व्यक्ती पण धरायला लागेल. आमच्या पुण्यात एआरएआय ही वाहनांची तपासणी आणि संशोधन करणारी संस्था आहे, हे काम करायची अक्कल आणि यंत्रं दोन्ही तिथे आहेत.

आणि साहेब, हे मानक करताना फक्त पेट्रोल बाइक डोळ्यापुढे ठेवू नका ही खास विनंती. इलेक्ट्रिक युनिसायकल तुम्ही पाहिली असेल, एकच चाक, दोन्ही बाजूंना पाय ठेवायच्या फळ्या, हँडल नाही सीट नाही, पुढे झुकलं की पळते. मोठ्या युनिसायकली ताशी 50 च्या पुढे जातात. त्यात मोटरच तोल सांभाळते, त्यामुळे मोटरची ताकद कमी पडली किंवा बंद झाली की तोल तिथेच संपला, याला ते लोक कटआउट म्हणतात, आणि उभा माणूस सरळ तोंडावर जातो. म्हणून परदेशातले बरेच युनिसायकलवाले बाइकचीच एअरबॅग व्हेस्ट घालतात. पण इथे दोरी बांधायची कुठे हा प्रश्न आहे, सारखं उतरचढ असते आणि पडताना चाक आणि माणूस बरोबरच पुढे जातात, मग दोरी ताणायला उशीर. सेन्सरवाल्यांचं सॉफ्टवेअर बाइकच्या अपघातांवर शिकलेलं, ते हे पडणं ओळखेलच याची खात्री कोण देणार? आपल्या नियमात 250 वॅटच्या आतलं आणि ताशी 25 च्या आतलं बॅटरीचं वाहन मोटार वाहन धरलंच जात नाही, तिथे हेल्मेटचंही बंधन नाही, आणि या मोठ्या युनिसायकली तर कुठल्याच खान्यात नीट बसत नाहीत. उद्या अशी वाहनं वाढणारच आहेत. तर व्हेस्टवर स्पष्ट लिहिलेलं असावं की हे कुठल्या वाहनासाठी तपासलंय आणि कुठल्या नाही, एवढं तरी मानकात घाला.

अजून एक, काही परदेशी इलेक्ट्रॉनिक एअरबॅगना दरवर्षी सबस्क्रिप्शन भरावं लागतं, नाही भरलं तर ती काम करत नाही. मला हे अजिबात पटत नाही. विकत घेतलेलं सुरक्षेचं साधन पैसे थकले म्हणून बंद पडणं आपल्या नियमात बसता कामा नये.

किमतीचं तुम्हाला जास्त सांगायला नको. हेल्मेटवरच आपण वर्षानुवर्षं 18 टक्के जीएसटी घेत आलो. शिक्का असलेल्या व्हेस्टवर आणि त्याच्या सिलिंडरवर कर कमीत कमी ठेवा, अर्थमंत्र्यांशी तुम्ही बोललात तर वजन पडेल. सिलिंडर पंक्चरच्या दुकानात मिळायला हवं, आज कुरिअरवाला गॅस हा शब्द ऐकला की नाही म्हणतो, आणि एकदा फुगून गेलेलं व्हेस्ट महिनोन् महिने कपाटात पडून राहतं.

सक्ती मात्र करू नका, निदान आत्ता तरी. पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध 2019 मध्ये मोर्चे निघाले होते, दुखणं माहितीये. आधी चांगली वस्तू बाजारात येऊ दे, लोकांच्या ओळखीची होऊ दे. सुरुवात बाइकवरच्या ट्रॅफिक आणि हायवे पोलिसांपासून करा, आणि डिलिव्हरी कंपन्यांना सांगा की व्हेस्ट कंपनीने द्यायचं, पोराच्या पगारातून कापायचं नाही. अंगावर घालायच्या साधनाचा नियम करणं तुमच्या खात्याला नवीन नाही, चार वर्षांखालच्या मुलांना दुचाकीवर नेताना हार्नेस हवा आणि तो 30 किलो वजन पेलणारा हवा, एवढ्या बारकाईने तुम्ही 2022 मध्ये लिहिलंयत. तीच बारकाई इथे हवी आहे.

आणि एक अगदी स्वस्तातली गोष्ट, ती मानकाची वाट न बघता होऊ शकते. प्रत्येक नवीन स्कूटर आणि बाइकच्या सीटखाली चॅसीला पक्की केलेली दोन मजबूत लोखंडी कडी कंपनीतूनच द्यायला लावा, एक चालवणाऱ्यासाठी, एक मागच्यासाठी. आज लोक ती दोरी ग्रॅब रेलला, सीटच्या बेल्टला, जिथे जमेल तिथे बांधतात, आणि झटक्यात तो बेल्टच तुटला तर व्हेस्ट फुगणारच नाही.

उत्तराची वाट बघतोय.

आपला,
पुण्यातला एक रोजचा दुचाकीवाला