मणक्यातली 'गॅप'

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात अधूनमधून एक जाहिरात येते, 'ऑपरेशनशिवाय मणक्यातली गॅप भरून मिळेल' अशी. ती दिसली की माझ्या पोटात गोळा येतो, कारण या एका शब्दापायी माझे आठ महिने गेलेत. म्हणून हे पत्र.

मी कराडला घरीच शिलाईकाम करते. जून महिना, शाळेच्या युनिफॉर्मची गर्दी, रात्री बारा-बारापर्यंत मशीनवर, आणि एक दिवस कापडाचा गठ्ठा उचलायला वाकले तर कमरेत अशी चमक भरली की भिंत धरून तशीच उभी राहिले. सासूबाई म्हणाल्या उसण भरलीय, गल्लीतल्या एका पायाळू बाईंना बोलावून पाठीला पाय लावून घेतला, शेक दिला, जरा बरं वाटलं पण मग डावा पाय पोटरीपर्यंत ठणकायला लागला तेव्हा एका मोठ्या दवाखान्यात गेलो. लगेच एमआरआय. डॉक्टरांनी फिल्म लाईटवर धरली आणि म्हणाले, "चौथ्या-पाचव्या मणक्यात गॅप आहे. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, झोपून राहायचं." संपलं. गॅप म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी पण विचारलं नाही.

मला वाटलं मणका फाटून मधे फट पडलीय, वाकले तर पाठीचे दोन तुकडे होतील. बावीस दिवस पडून राहिले. कमरेला वजन लावलं, पट्टा बांधला, तो तर झोपतानाही सोडायची नाही. मशीन बंद, गिऱ्हाईकं दुसरीकडे गेली. मुलगी बाळंतपणाला आली होती, तिचं बाळ रडायचं तरी उचलून घ्यायची हिंमत होत नव्हती. ते आठवलं की अजून डोळ्यात पाणी येतं. आणि एवढं सगळं पाळून दुखणं वाढतच गेलं.

शेवटी सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपीला गेले. तिथली मुलगी माझ्या लेकीएवढी असेल, रिपोर्ट वाचून म्हणाली, "मावशी, मणक्यात गॅप असतेच, असायलाच पाहिजे." मग केसपेपरच्या मागे पेनानं चित्र काढून दाखवलं. दोन मणक्यांच्या मधे चकती असते, बाहेरून चिवट कडं, आत मऊ गर, उठताबसता बसणारे दणके ती झेलते. वय वाढलं की तिच्यातलं पाणी कमी होतं, ती चपटी होते, कधी थोडी फुगून बाजूच्या नसेला त्रास देते. म्हणजे बघा, मणक्यांमधली जागा वाढत नाही, उलट कमी होते! आपण जिला गॅप पडली म्हणतो तिथं फट पडलेलीच नसते, मग ही जाहिरातवाली मंडळी भरतात तरी काय?

नंतर भाच्याच्या मदतीनं मोबाईलवर बरंच वाचलं. ज्यांचं काहीच दुखत नाही अशा लोकांच्या पाठीच्या तपासण्या जमवून 2015 साली एक अभ्यास आला, त्यात विशीतल्या 37 टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या आणि पन्नाशीतल्या 80 टक्के. म्हणजे केस पिकावेत तसंच हे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते 2020 साली जगात जवळपास 62 कोटी लोकांना कंबरदुखी होती, आणि त्यातल्या शंभरातल्या नव्वद जणांच्या दुखण्याचं एकच एक कारण फोटोत बोट ठेवून दाखवता येत नाही. त्याच संघटनेनं डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी सूचना काढल्यात, व्यायाम करा, पेशंटला दुखणं नीट समजावून सांगा, आणि कंबरपट्टा नि वजन लावणं सरसकट नको. मला नेमकं उलटं करायला लावलं होतं.

त्या मुलीनं मला आधी पाच मिनिटं चालायला लावलं, नुसतं अंगणात, मग रोज थोडं थोडं वाढवत अर्ध्या तासावर नेलं. उताणं झोपून गुडघे दुमडायचे आणि कंबर हळूच वर उचलायची, तेही शिकवलं. पहिल्या आठवड्यात दुखलं, मी घाबरले, तेव्हा ती म्हणाली दुखलं म्हणजे काही मोडलं असं नाही, पण पायात कळ वाढली तर लगेच सांगा. स्टूल काढून पाठ टेकेल अशी खुर्ची घेतली. इस्त्रीचं टेबल मुद्दाम पलीकडच्या खोलीत ठेवलंय म्हणजे दर अर्ध्या तासानं उठावं लागतं, मला विचाराल तर सगळ्यात जास्त फायदा यानंच झाला. लग्नसराईत अजूनही कंबर धरते, पण आता मी झोपून राहत नाही, एक चक्कर मारून येते.

पण सगळंच चालून बरं होतं असं कुणी समजू नये. आमच्या शेजारच्या बाईंची पाठ दोन महिने दुखत होती, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरत चाललेलं, सगळे म्हणायचे गॅपच असणार, आणि निघाला मणक्याचा टीबी. सरकारी दवाखान्यातून फुकट गोळ्या मिळाल्या, वर्षभर घेतल्या, आता बऱ्या आहेत. उशीर झाला असता तर पाय गेले असते. तसंच लघवी अडली किंवा झालेली कळेना, बसायची जागा बधिर झाली, पायातली ताकद जायला लागली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठायचा. म्हाताऱ्या माणसाची पडल्यावर पाठ दुखत असेल किंवा आधी कॅन्सर होऊन गेला असेल तरी घरी तेल चोळत बसू नये.

संपादक साहेब, पेपरला जाहिराती लागतात हे मला कळतं. पण ही तरी छापू नका, आणि तेवढ्याच जागेत एकदा मणक्याचं साधं चित्र आणि ही वर लिहिलेली लक्षणं मोठ्या अक्षरात छापा. आमच्याकडे ऊसतोडीच्या, भात लावणीच्या बाया दिवसभर वाकून असतात, त्यांच्या घरापर्यंत डॉक्टर पोचत नाही पण पेपर पोचतो.

आपली,
एक वाचक, कराड (जि. सातारा)