आई-बाबा, गाडीचं छत नीट झालंय

आई, बाबा,

परवा फोनवर बाबा म्हणाले की त्या गाडीचं छतसुद्धा लोंबायला लागलंय, आता ठेवून काय करतेस, देऊन टाक कुणाला तरी. मी तेव्हा हो-नाही काहीच बोलले नाही, कारण हे सगळं फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून सावकाश लिहायला बसलेय. गाडी देणार नाहीये. छताचं कापड मी स्वतः बदललंय, इथेच नेरूळला, आपल्या बिल्डिंगच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये, आणि आता ते एकदम टाइट बसलंय.

का केलं ते आधी सांगते. दिवाळीत तुम्हाला चिपळूणला सोडायला आले तेव्हा बाबा पुढे बसले होते आणि ते लोंबणारं कापड सारखं त्यांच्या कानाशी येत होतं. काचबिंदूत बाजूचं दिसणं आधी कमी होतं असं डॉक्टरांनी आपल्याला समजावलंय, त्यामुळे बाजूने काय लागतंय ते बाबांना दिसत नव्हतं आणि ते दर वेळी दचकत होते. बाबा, तुम्ही काही बोलला नाहीत पण मला दिसत होतं. आणि आई, मागे तुझ्या केसांत, पदरावर ती पिवळी भुकटी पडत होती आणि माणगावच्या पुढे तुला खोकला लागला तो घरी पोचेपर्यंत थांबला नाही. दमा असलेल्या माणसाला अशा गाडीत पाच-सहा तास बसवायचं हे मला पटत नव्हतं. त्यानंतर तुम्ही दोघं डोळ्यांच्या तपासणीला यायचं टाळताय, ट्रेनच्या पायऱ्या जमत नाहीत आणि गाडीने यायचं तर तुला उगाच त्रास म्हणताय, म्हणून ठरवलं की आधी गाडी तुम्हाला बसण्यासारखी करायची.

बाबा, तुम्ही म्हणाला होतात गोंद सुटला असेल, सिरिंजने थोडा आत सोड आणि दाब. तसं खूप जण करतात, कुणी टाचण्या टोचतं, कुणी स्टेपलर मारतं, पण ते टिकत नाही, आणि का टिकत नाही ते तुम्हाला नक्की आवडेल म्हणून लिहिते. छताचं कापड पत्र्याखालच्या बोर्डाला सरळ चिकटवलेलं नसतंच. कापडाच्या पाठीला साधारण ३ मिलिमीटरचा फोम असतो आणि तो फोम बोर्डाला चिकटलेला असतो. गोंद दोन्हीकडे बऱ्यापैकी शाबूत असतो, मधला फोमच संपलेला असतो. तो पॉलियुरेथेनचा, ज्याची केमिस्ट्री ऑटो बायर नावाच्या जर्मन केमिस्टने १९३७ मध्ये काढली. तुमच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या प्लँटवर आयसोसायनेटचे ड्रम यायचे आणि त्यांना ओल लागू नये म्हणून तुम्ही किती जपायचात, लहानपणी जेवताना ऐकलंय मी ते, तर त्याच्यापासूनच बनतो हा फोम, आणि तयार झाल्यावरसुद्धा उष्णता आणि दमट हवा मिळून त्याच्या रेणूंच्या साखळ्या वर्षानुवर्षं तुटत राहतात. उन्हात काचा बंद करून गाडी उभी राहिली की तासाभरात आतली हवा बाहेरच्यापेक्षा वीस-पंचवीस डिग्रीने तापते आणि वरचा पत्रा तर थेट उन्हात. त्यात आपली गाडी २००८ ची, निम्मं आयुष्य इथे खाडीच्या हवेत आणि निम्मं चिपळूणच्या पावसात. बोट लावलं की फोम शिळ्या बेसनाच्या लाडवासारखा विस्कटत होता. त्या भुकटीवर कितीही चांगला गोंद सोडा, तो भुकटीला चिकटणार, बोर्डाला नाही.

म्हणजे सगळं खाली उतरवूनच करावं लागतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, मग सन व्हायजर, वरची हँडलं, आतला दिवा, दारांचं रबरी बीडिंग, खांबांवरची प्लॅस्टिकं. इतक्या जुन्या गाडीत प्लॅस्टिकच्या क्लिपा कडक होऊन तुटतातच म्हणून नव्या क्लिपा आधीच आणून ठेवल्या होत्या. पुढच्या सीटा पूर्ण मागे पाडल्या आणि तुमच्या जावयांनी एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने धरून अख्खा बोर्ड डिकीच्या दारातून बाहेर काढला. हे काम एकट्याचं नाहीच, बोर्ड मध्ये वाकला की घडी पडते आणि ती घडी नव्या कापडातूनही दिसत राहते.

दादाला मात्र सांगा की त्याच्या नव्या गाडीत असं काही करायला जाऊ नकोस. नव्या बऱ्याच गाड्यांमध्ये छताच्या कडेने पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असतात, त्यांच्या जवळपास घरच्या माणसाने हात घालायचा नाही. आपल्या गाडीत त्या नाहीत हे मॅन्युअलमध्ये बघूनच मी सुरुवात केली.

बोर्ड घासणं हे सगळ्यात किचकट आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. जुनं कापड एका झटक्यात निघालं पण खालची भुकटी घासून घासून काढावी लागली, कपड्याच्या नायलॉनच्या ब्रशने, तारेचा ब्रश वापरला तर बोर्डाचे पापुद्रे निघतात. मास्क लावला होता, पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता, कारण बोर्डात फायबर असतं आणि हाताला खाज सुटते. आई, तू काळजी करशील म्हणून सांगते, हे सगळं बाहेर मोकळ्यावर केलं, घरात काही आणलं नाही. घासून झाल्यावर व्हॅक्यूम मारला, हात फिरवला की हाताला काही लागत नाही इतपत. माझं तर मत झालंय की हे काम चिकटवण्यात नाही, घासण्यातच आहे, जे कंटाळून अर्धवट घासतात त्यांचंच पुन्हा लोंबतं.

कापड कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणलं. साधं सुती कापड चालत नाही, पाठीला फोम लावलेलंच घ्यायचं आणि थोडं ताणणारं, नाहीतर बोर्डाच्या खोलगट जागांत ते बसत नाही आणि खालचा प्रत्येक उंचवटा दिसतो. पन्ना पाच फुटांचा होता, सव्वादोन मीटर पुरलं. रंग पूर्वीचाच घेतला, फिकट बदामी. दुकानदार काळं घ्या म्हणत होता, मळत नाही म्हणून, पण काळ्याने छत डोक्यावर आल्यासारखं वाटतं आणि बाबांना आत जेवढा उजेड मिळेल तेवढा हवा.

चिकटवायला आपलं पांढरं फेविकॉल नाही चालत, साधा गोंद उन्हात मऊ होतो आणि कापडाच्या वजनाने सुटतो. सीट आणि सोफेवाले वापरतात तसं उष्णता सहन करणारं रबरी सोल्युशन लागतं. ते दोन्हीकडे लावायचं, बोर्डालाही आणि कापडाच्या फोमलाही, पातळ हाताने, आणि मग थांबायचं. बोट लावलं तर चिकट लागलं पाहिजे पण बोटाला सोल्युशन यायला नको, तेव्हाच ठेवायचं. त्याआधी घाई केली की ओलं सोल्युशन कापडातून वर येतं आणि तो डाग जात नाही. त्याच्यात पेट घेणारं सॉल्व्हंट असतं म्हणून वॉचमन मामांना सांगून ठेवलं होतं की इथे कुणी विडी-काडी पेटवायची नाही.

आणि बाबा, हे पावसाळ्यात करायचं नाही यालाही कारण आहे. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेत दमटपणा असला की त्याच्यावर पाण्याचा बारीक थर धरतो आणि तिथे चिकटतच नाही. म्हणून थंडीची वाट बघत थांबले, तोपर्यंत तुम्हाला वाटत होतं मी विसरले.

कापड आधी कोरडंच पसरून मध्य जुळवला, मग अर्धं उलटं दुमडून तेवढंच सोल्युशन लावलं, आणि मधून कडेकडे तळहाताने बसवत नेलं. खोलगट जागेत कापड आधी आत ढकलायचं आणि मग पुढे जायचं, वरून ताणून नेलं तर उन्हाळ्यात नेमकं तिथेच फुगतं. मग दुसरं अर्धं. कडा दीडेक इंच मागे दुमडून चिकटवल्या, रात्रभर तसंच ठेवलं, दिव्याचं आणि हँडलांचं भोक दुसऱ्या दिवशी कापलं. हे करताना आपल्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या होत्या, त्या आयुष्यभर ब्लाउज शिवतात, त्यांनी कापायला मदत केली आणि कोपऱ्यात कुठे चीर द्यायची ते बरोबर दाखवलं. सीटबेल्टचा वरचा बोल्ट सोडावा लागला होता, तो मात्र मेकॅनिककडूनच घट्ट करून घेतला, त्यात मला अंदाज नको होता.

क्लिपा, कापड, सोल्युशन धरून अडीच हजारांच्या आत झालं. पैसे वाचले हे चांगलंच, पण त्यासाठी केलं नाही. बाबा, ही गाडी घेतलीत तेव्हा तुम्ही दर रविवारी सकाळी तिचं ऑइल, पाणी, हवा बघायचात आणि मला बाजूला उभं करून सगळं दाखवायचात. डोळ्यांमुळे तुम्ही चावी माझ्याकडे दिलीत तेव्हा काही म्हणाला नाहीत, नुसती फाइल दिलीत, सगळी बिलं तारखेने लावलेली. ती फाइल माझ्याकडे आहे आणि त्यात मी आता या कापडाचं बिल लावलंय. पंधरा वर्षं झाल्यावर पासिंग करून घेतलं होतं ते २०२८ पर्यंत आहे, इंजिन ठणठणीत आहे, तोपर्यंत तरी ही गाडी कुठे जाणार नाही, आणि तुम्ही ती देऊन टाक म्हणालात तर मला वाईट वाटतं.

तर आता ठरवूया. मी शनिवारी पहाटे निघेन, कशेडीच्या बोगद्यामुळे घाट टळतो, दुपारी तुमच्याकडे जेवायला पोचते. रविवारी सावकाश निघू, मध्ये दोन ठिकाणी थांबू. सोल्युशनचा वास पूर्ण गेलाय, काचा उघड्या ठेवून मुद्दाम बरेच दिवस जाऊ दिले, तरी आई तू पंप हाताशी ठेव. बाबांचे फील्ड टेस्टचे, म्हणजे बाजूचं किती दिसतं त्या तपासणीचे, जुने रिपोर्ट सगळे घ्या, नुसता शेवटचा पुरणार नाही, डॉक्टर आधीच्याशी ताडून बघतात. थेंबांची वेळ प्रवासात येईल तर बाटली वरच्या पिशवीत ठेवा. लोणचं, कोकम, पोह्याचे पापड काय द्यायचं ते दे, डिकी रिकामी आहे. आणि तपासणी झाली की लगेच परत जायचं नाही, निदान होळीपर्यंत राहा.

कुठला शनिवार चालेल तेवढं बाबांना विचारून मला कळव.

तुमची लेक