काका, बाबांचा ॲम्प वाचवलात, त्याबद्दल थँक्यू

काका, नमस्कार,

समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "हो हो, चहा टाक" म्हणून विषय संपवता, म्हणून लिहूनच टाकतोय. आणि सगळ्यांसमोर लिहितोय कारण आपल्याच सोसायटीत निदान चार घरी जुना स्टीरिओ ॲम्प (दोन स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) माळ्यावर पडलाय आणि खाली टीव्हीजवळ होम थिएटर रिसीव्हर (पिक्चरचा आवाज बऱ्याच स्पीकरांना वाटणारा ॲम्प) आहे, आणि प्रत्येकाला वाटतं की दोघांपैकी एकच ठेवता येतो.

मला तर एका शोरूममध्ये स्पष्टच सांगितलं होतं, की तो जुना डबा भंगारात द्या, रिसीव्हर सगळं करतो. डबा म्हणजे काय, तर बाबांचा नॅड ३०२०! १९७८ साली निघालेलं मॉडेल, कागदावर फक्त २० वॉट, पण बाबांच्या रेकॉर्डी त्याच्यावर जशा वाजतात तशा माझ्या डेनॉन एक्स३७००एच रिसीव्हरवर वाजत नाहीत, निदान माझ्या कानाला तरी नाही. उलट पिक्चर बघायला पाच स्पीकर आणि सबवूफर हवा, ते नॅडचं कामच नाही. आणि हॉल केवढा, तर वन बीएचकेचा, पुढे टॉवर स्पीकरची एकच जोडी मावते. म्हणजे दोन मशीन आणि त्याच एका जोडीवर दोघांचा डोळा.

मी तुम्हाला विचारलं होतं की दोघांच्याही वायरी त्याच स्पीकरला लावल्या आणि एका वेळी एकच मशीन चालू ठेवलं तर? तुमचा चेहरा अजून आठवतो. आकाशवाणीत आयुष्य गेलेला माणूस एवढ्या मोठ्या आवाजात "अजिबात नाही" म्हणतो हे मला पहिल्यांदाच कळलं. मग शांतपणे सांगितलंत, की ॲम्पचं आउटपुट म्हणजे बाहेर ढकलणारी बाजू, दोन ॲम्प एकाच स्पीकरला जोडले की एकाचा करंट दुसऱ्याच्या आउटपुटमध्ये घुसतो, बंद असला तरी त्याला सुटका नाही, आणि आउटपुट ट्रान्झिस्टर जातात. स्विचचा डबा मिळतो, पण तो एक सोडल्याशिवाय दुसरं न पकडणारा हवा, आणि प्लस मायनस दोन्ही बदलणारा हवा, कारण काही ॲम्पची मायनस बाजू पण जिवंत असते. स्वस्तातले डबे असे असतीलच याची खात्री नाही म्हणालात, तिथेच तो विषय मिटला.

नंतर तुम्ही रिसीव्हर उलटा फिरवायला लावलात आणि बॅटरी मारून मागे प्री-आउट शोधलेत, म्हणजे स्पीकरऐवजी दुसऱ्या ॲम्पला द्यायचा सिग्नल जिथून बाहेर येतो ती भोकं. खरं सांगू का, ती भोकं इतके दिवस माझ्या डोळ्यासमोर होती आणि कशासाठी असतात ते कधी कोणी सांगितलंच नव्हतं. फ्रंट लेफ्ट राईटच्या प्री-आउटमधून साधी आरसीए केबल नॅडच्या ऑक्सला (बाहेरचं मशीन जोडायचा इनपुट), टॉवर स्पीकर कायमचे नॅडला, सेंटर आणि मागचे रिसीव्हरला, सब पण रिसीव्हरला. झालं! रिसीव्हरची पुढची स्पीकर टर्मिनल रिकामी राहिली तर काही बिघडतं का असं विचारलं तर म्हणालात, ट्रान्झिस्टरवाल्या ॲम्पला काहीही होत नाही. पिक्चरला दोन्ही चालू, नॅडचं बटण ऑक्सवर. रेकॉर्डला रिसीव्हर बंद, बटण फोनोवर, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरच्या इनपुटवर. केबल मी तापकीर गल्लीतून आणली, महागड्या केबलचं नाव काढलं तर तुम्ही नुसते हसलात.

एक गोष्ट मुद्दाम लिहितो कारण ती मला सगळ्यात आवडली. नॅडच्या मागे यू आकाराचे धातूचे जंपर आहेत, ते काढून सिग्नल थेट पॉवर ॲम्पच्या भागात देता येतो, मग नॅडच्या व्हॉल्यूमचा संबंधच उरत नाही. मला तेच करायचं होतं, जरा ऐटबाज वाटत होतं. तुम्ही म्हणालात, कर, पण मग दर वेळी रेकॉर्ड लावायच्या आधी मागे हात घालून जंपर परत बसव. नव्या काही ॲम्पना स्वतःचं व्हॉल्यूम वगळणारं होम थिएटर बायपासचं बटण असतं, त्यांचं सोपं आहे, आपल्याकडे ते नाही, तेव्हा ऑक्सच बरा.

पण ऑक्सला लावलं की सिग्नल नॅडच्या व्हॉल्यूममधूनच जातो, ते पिक्चरच्या वेळी एका ठिकाणी ठेवावंच लागतं नाहीतर पुढचे स्पीकर सेंटरपेक्षा मोठे नाहीतर बारीक. बास ट्रेबल मध्यावर, लाउडनेस बंद, आणि मग ऑडिसीचा (रिसीव्हरची स्पीकर मापायची सोय) माइक लावून मापं घेतली तर पुढच्या दोघांचा ट्रिम, म्हणजे रिसीव्हरने त्यांचा आवाज किती कमी-जास्त केला तो आकडा, थेट उणे १२ डेसिबलवर जाऊन बसला. मला वाटलं झालं काम. तुम्ही म्हणालात, उणे १२ म्हणजे मशीनची तिथे हद्द संपली, नॅडचा आवाज अजून कमी कर आणि परत माप. शून्याच्या जवळ येईपर्यंत तुम्ही उठला नाहीत, काकूंचे फोन येत होते तरी. मग नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलात बटणाशेजारी. रिसीव्हरमध्ये फ्रंट स्मॉल आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बास सबकडे जातो ती हद्द) ८० हर्ट्झ तुम्हीच करायला लावलंत, की जड बास सबकडे जाईल आणि बिचाऱ्या २० वॉटवर भार येणार नाही.

आणि ती घूंऽऽ! सगळं जोडलं तेव्हा स्पीकरमधून जी गुणगुण सुरू झाली त्यावर एका इलेक्ट्रिशियनने सबच्या प्लगची अर्थ पिन काढून टाका असा उपाय दिला होता. तुम्ही त्याला दारातच थांबवलंत आणि सेट टॉप बॉक्समागची केबलवाल्याची वायर काढलीत, गुणगुण गायब. केबलची अर्थ वेगळी, सबची वेगळी, मध्ये आपले आरसीए, म्हणजे ग्राउंड लूप, दोन अर्थमधून करंट गोल फिरतो आणि गुणगुणतो. त्या वायरीत अर्थचा तो दुवा तोडणारा छोटा आयसोलेटर टाकला, अर्थ पिन जागच्या जागी. शॉक लागून मरण्यापेक्षा गुणगुण बरी, हे तुमचं वाक्य मी आता सगळ्यांना ऐकवतो.

आता रोजचा नियम घरात सगळ्यांना पाठ आहे, आधी रिसीव्हर चालू, मग नॅड, बंद करताना उलटं, म्हणजे धप्प होत नाही. रेकॉर्डला सब गप्प राहतो याची मुलगी तक्रार करते, पण बाबांना ते चालतं, ते म्हणतात तबला आत्ता खरा वाटतोय.

आयसोलेटरचे पैसे तुम्ही अजून घेतलेले नाहीत. रविवारी काकूंना घेऊन या, बाबांनी भीमसेनजींच्या रेकॉर्डी पुसून ठेवल्यात, आणि नॅडचं व्हॉल्यूम फिरवताना जी खरखर येते ती पण जरा बघून द्या, कॉन्टॅक्ट क्लीनर मी आणून ठेवलाय.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा