दादर ते परळ

दारव्हा, जि. यवतमाळ

प्रिय गजू,

बाबांना मुंबईत परळच्या टाटाला, म्हणजे कॅन्सरच्या दवाखान्यात, दाखवायचं ठरलं अन् बडनेऱ्याहून रिझर्वेशनही झालं, हे समजलं. दवाखान्याचं तू निभावून नेशील. लोकलचं मात्र इथूनच समजून घे, कारण ती यष्टीसारखी कंडक्टरच्या घंटीची वाट पाहत नाही. स्टेशनात जेमतेम वीस-तीस सेकंद थांबते. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आपली विद्या तिथं कामाची नाही.

तुमची गाडी दादरला थांबत असेल तर दादरलाच उतरजो. कुर्ला टर्मिनसला संपणारी असेल तर ध्यानात ठेव, टर्मिनस वेगळं आणि लोकलचं कुर्ला स्टेशन वेगळं. बाबांना चालवत नेऊ नको, रिक्षा कर.

दादरला मध्य आणि पश्चिम रेल्वे शेजारी-शेजारी आहेत. आधी दोन्हीकडे एक नंबरचा फलाट होता, नवखा माणूस हमखास फसायचा. डिसेंबर 2023 पासून नंबर सलग केले: 1 ते 7 पश्चिमेचे, 8 ते 14 मध्यचे. तुला मध्यकडे जायचं आहे. चुकून पश्चिमेच्या चर्चगेटकडच्या धीम्या गाडीत बसलात तर पुढचं स्टेशन प्रभादेवी येईल. तेही चालते, प्रभादेवी आणि परळ पुलानं जोडलेले आहेत. फक्त जिना चढावा लागेल.

दादरपर्यंतचं तिकीट दादरला संपते. परळचं नवीन काढजो, सेकंड क्लास, माणशी 5 रुपये. काढल्यापासून तासाभरात प्रवास सुरू व्हायला हवा, म्हणून चहा-नाश्ता आधी, तिकीट नंतर. मोबाईलवर काढायचं तर स्टेशनच्या बाहेरूनच काढ. टीसी दिसला की तिकीट काढणाऱ्यांसाठी रेल्वेनं ती वाट बंद केली आहे. विनातिकीट सापडलात तर 250 रुपये दंड, वर भाडं. एसी लोकलचं भाडंच 35 रुपयांपासून सुरू होते, तिच्यात हे पाच रुपयांचं तिकीट चालत नाही. अन् गर्दीच्या वेळी एखादा डबा बरा मोकळा दिसला की नवखा माणूस तिकडे धावतो, तो नेमका फर्स्ट क्लास निघतो. लाल-पिवळे तिरपे पट्टे दिसले की समजून घे.

आता मुख्य गोष्ट. फलाटावर वर टांगलेली पाटी वाचल्याशिवाय गाडीत पाय टाकू नको. तिच्यावर शेवटचं स्टेशन, गाडी धीमी की जलद, डबे 12 की 15, अन् किती मिनिटांत येणार, हे सगळं असते. तुला सीएसएमटीकडे (आधीचं व्हीटी) जाणारी धीमी हवी, किंवा परळलाच संपणारी. जलद गाडी परळला थांबत नाही, दादरहून थेट भायखळ्याला नेते. तसं झालंच तर घाबरू नको बाप्पा. तिथं उतरून कल्याणकडची धीमी पकड. चिंचपोकळी, करी रोड, मग परळ.

गाडी येताना दाराच्या समोर उभा राहू नको, बाजूला राहा. उतरणारे ज्या जोरानं येतात, त्यात उभा माणूस आडवा होते. आधी बाबांना चढव, मग तू. पाठीवरची बॅग छातीवर घे. एकच स्टेशन आहे, दोन-तीन मिनिटांचं. आत खोल शिरलात तर परळला बाहेर निघणार नाही. दाराजवळच्याला लगेच विचार, "परळ कोणत्या बाजूला?" अन् त्या बाजूला सरकून राहा. तरीही राहून गेलं तर धावत्या गाडीतून उडी नको, पुढच्या स्टेशनाहून परत ये. दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांना बसता येते. निदान झालेलं असेल तर फाइल थैलीच्या तळाशी कोंबू नको, हाताशी ठेव. परळला पूर्वेला बाहेर पडायचं.

सकाळी साधारण आठ ते अकरा गर्दी सीएसएमटीकडे जाते, म्हणजे तुमच्याच दिशेनं. मोठी गाडी लेट झाली तर सरळ दादरहून टॅक्सी कर, पाच रुपयांचा लोभ धरू नको. संध्याकाळी उलटं होते, सगळी मुंबई कल्याणकडे वळते. म्हणून परतीची गाडी सीएसएमटीहून सुटणारी असेल तर ती दादरला गाठण्यापेक्षा परळहून धीम्या लोकलनं सीएसएमटीला जा. त्या वेळी तिकडची लोकल बरीच मोकळी असते, अन् गाडी तिथूनच सुटत असल्यानं सामान निवांत लावता येते.

रविवारी दुपारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही रूळ बंद ठेवतात, कोणती गाडी कोणत्या रुळावर जाईल त्याचा नेम नसतो. शक्यतो रविवारचं जाणं टाळजो.

पुढं फेऱ्या वाढून डोंबिवलीला साळ्याकडे राहावं लागलं तर एक लक्षात ठेव: पाटीवर इंग्रजी एस म्हणजे धीमी, पण शेवटच्या स्टेशनाच्या जागी तेच अक्षर कर्जतसाठी असते अन् एन कसाऱ्यासाठी. दोन्ही गाड्या कल्याणपर्यंत एकाच वाटेनं जातात, तेव्हा तुला कोणतीही चालते, डोंबिवलीला थांबते तेवढं विचारून घे.

बाबांना नमस्कार सांग. जुने रिपोर्ट घरी विसरू नको, अन् भाकरी-ठेचा दोन दिवसांचा घे.

तुझा,
विठ्ठल