लेखनात मदत करायलाही शिकवावे लागते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाशिकच्या कॉलेज रोडला माझे डीटीपी-झेरॉक्सचे दुकान आहे. सबमिशनच्या दिवसांत पेठ, सुरगाणा, कळवण तालुक्यांतून शिकायला आलेली मुले बाइंडिंगआधी हमखास म्हणतात, "काका, जरा नीट करून द्या ना." मी ऱ्हस्व-दीर्घ सुधारतो. त्यापुढचे मला येत नाही.

यंदा एस.वाय.बी.कॉम.ला असलेली माझी मुलगी दुकानात बसली होती. सुरगाण्याच्या एका मुलीचा नागलीवरचा (नाचणीवरचा) फील्ड प्रोजेक्ट होता. पहिली चार पाने नेटवरून उचललेली. हिने फाइल बंद केली आणि विचारले, "तुमच्या शेतात काय काय करता, ते सांग." राब भाजण्यापासून आवणीपर्यंत, म्हणजे रोपांच्या लावणीपर्यंत, ती मुलगी दहा मिनिटे बोलत राहिली. मग तेच तिने स्वतः लिहून काढले. दुसऱ्या दिवशी मात्र एका मुलाचे अख्खे प्रकरण आमच्या कन्येनेच टाइप करून दिले! वेळ नव्हता म्हणे. दुसऱ्याचे पेन आपल्या हातात न घेता मदत करणे सोपे नाही.

संदर्भसूची जमावी म्हणून मुले अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या वेबसाइटवरच्या पानांचे प्रिंट माझ्याकडून नेतात. तिथली रायटिंग लॅब, म्हणजे विद्यार्थ्यांना लेखनात मदत करणारे केंद्र, १९७६पासूनची. अमेरिकेत बऱ्याच कॉलेजांत असे मदतनीस विद्यार्थीच असतात; पण अनेक ठिकाणी आधी क्रेडिटचा कोर्स, मग मदतीच्या टेबलाशी बसणे.

आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणाच्या पदवीत मदतनिसांचा हा कोर्स बसवायचा कुठे? मराठीच्या मेजरमध्ये (मुख्य विषयात) ठेवला तर सायन्सवाले येणार नाहीत, आणि प्रॅक्टिकलचे जर्नल तर त्यांनाच कळते. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेचे घ्यावे लागते. मराठी-इंग्रजी विभागांनी तिथे चालवला तर कला शाखेचीच मुले बाहेर. को-करिक्युलरमध्ये टाकला की सर्टिफिकेट छापायला माझ्याकडे येणार, एवढेच. त्यामुळे दुसऱ्या वर्षाच्या स्किल एन्हान्समेंटच्या (कौशल्यवाढीच्या) कोर्सांच्या यादीत तो घालावा: दोन क्रेडिट, प्रात्यक्षिक धरून ६० तास. वीस तास शिकावे, उरलेले लायब्ररीत टेबल टाकून पहिल्या वर्षाच्या मुलांसोबत बसावे, शिक्षकांनी अधूनमधून शेजारी बसून ऐकावे.

गुणही त्या बसण्यावरच द्यावेत. लेखी परीक्षा ठेवलीत तर महिन्याभरात त्याच्या नोट्स निघतील, आणि त्यांच्या झेरॉक्सला रांग माझ्याच दुकानात लागेल.

– एक डीटीपी व्यावसायिक, कॉलेज रोड, नाशिक